हजेरी घेण्याआधी

देवा, शाळा भरायला अजून अर्धा तास आहे. सहावीच्या वर्गाची कडी मीच काढली, खिडक्या उघडल्या, फळ्यावर तारीख घातली. समोर जीवदानीच्या डोंगरावर ऊन उतरतंय. एकदा मुलं आली की तुझ्याशी बोलायला सवड मिळत नाही.

परिपाठाला मुलं हात जोडून, डोळे मिटून रोज तुझी प्रार्थना म्हणतात. मी मात्र डोळे उघडे ठेवते. कोण डुलतंय, कोणाचे ओठ सुकलेत, कोण शेजारच्याच्या खांद्याचा आधार घेतंय, ते तेवढ्या दोन मिनिटांत दिसतं. तू रागावत नसशील. पण माझी प्रार्थना तेवढी राहून जाते. ती ही.

तुला इथं पुष्कळ नावांनी हाक मारतात. डोंगरावर तू जीवदानी आई आहेस. गास, सांडोर, वटारच्या चर्चमध्ये प्रभू आहेस. नालासोपाऱ्यात पहाटेची बांग होते ती तुझ्याच नावाची. माझ्या हजेरीपटावर ही सगळी घरं एकाखाली एक लिहिलेली आहेत. कोणाचे वडील गोरखपूरहून आलेले, कोणाचे जव्हारहून, कोणाची आजी वसईच्या वाडीत फुलं खुडून वाढलेली. म्हणून मी नुसतं देवा म्हणते.

आज सोमवार, निळ्या गोळ्यांचा दिवस. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह, जोडीला फॉलिक अ‍ॅसिड. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एक. धाकट्यांची गोळी गुलाबी, ताकदीनं थोडी कमी. रिकाम्या पोटी दिली तर मळमळतं, म्हणून ती खिचडीनंतर द्यायची. दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होईल हे आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर घरात सगळे घाबरतात आणि पुढच्या सोमवारी मूल दांडी मारतं. गेल्या वर्षी एक मुलगी गोळी गालात दडवून ठेवायची आणि नळावर जाऊन थुंकायची. नळाखालच्या लादीवर निळसर डाग दिसला तेव्हा माझ्या लक्षात आलं. रागावले नाही, विचारलं. तिच्या आईला कोणीतरी मोबाईलवर पाठवलं होतं की या गोळ्यांनी पुढं मूल होत नाही. पुढच्या सोमवारी आईला बोलावून घेतलं, शेजारी बसवलं आणि तिच्यासमोर मीच एक गोळी गिळली. आई म्हणाली, "टीचर, पहले बताया होता ना." खरंच, आधी सांगायला हवं होतं.

देवा, त्या गोळीला गुण येऊ दे. ती या मुलींच्या रक्तात उतरू दे.

पाच-सहा वर्षांमागे तपासणीला आलेल्या एका डॉक्टरबाईंनी मला एक गोष्ट शिकवली. मुलाला खिडकीपाशी उजेडात घ्यायचं, अंगठ्यानं खालची पापणी हलकेच ओढायची आणि आतली कड बघायची. ती लालसर असावी लागते. माझ्या वर्गात कितीतरी मुलींची ती फिकट असते, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखी. मग जीभ बघायची, नखं बघायची. एवढ्यानं रोग ठरत नाही, रक्त तपासावंच लागतं; पण कोणाला आधी पाठवायचं ते कळतं. हे शिकायला मला अर्धा मिनिट लागला. त्याआधी मी जवळजवळ वीस वर्षं शिकवत होते.

त्या वीस वर्षांतलं एक तुझ्यापुढं ठेवायचं आहे. तुला ते ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून ऐक.

मी तरुण होते, कडक होते, आणि कडक असल्याचा मला अभिमान होता. एक मुलगी रोज उशिरा यायची. आली की बाकावर डोकं टेकायची. मी तिला चारचौघांत आळशी म्हटलं. पुढं पुढं तर तिला वर्गाबाहेर उभं करू लागले. ती भिंतीला टेकली की आतून ओरडायचे, सरळ उभी राहा. एका दुपारी ती टेकल्या टेकल्या खाली घसरली. उचलायला गेले तर तिच्या पाठीला भिंतीचा चुना लागलेला, हात गार. दवाखान्यात रक्त तपासलं. बाराच्या आसपास हवं ते हिमोग्लोबिन सहा निघालं. मग कळलं, ती पहाटे टँकरच्या रांगेत हंडे लावायची, दोन खेपा घालायची, भावाला आंघोळ घालायची आणि काही न खाता शाळेत यायची. त्यातून जी शक्ती उरायची ती घेऊन ती माझ्या वर्गात येत होती आणि मी तिला आळशी म्हणत होते.

ती बरी झाली. आता तिचं लग्न झालंय, तिला मुलगी आहे. विरार स्टेशनच्या पुलावर भेटली तर गर्दीत वाकून नमस्कार करते. तो नमस्कार मला घेववत नाही, देवा. तिनं मला क्षमा केली की ती ते विसरली, हे विचारायचं धैर्य मला अजून झालेलं नाही. ते दे.

म्हणूनच २०२५ च्या नोव्हेंबरात ती बातमी वाचली तेव्हा माझा हात थरथरला. आपल्या वसईतलीच एक शाळा. मुलगी उशिरा आली म्हणून तिला पाठीवर दप्तर असताना उठाबशा काढायला लावल्या, असं बातमीत होतं. नंतर ती आजारी पडली आणि १४ नोव्हेंबरला, बालदिनीच, गेली. ती कशानं गेली आणि दोष कोणाचा किती, ते न्यायालय ठरवील. पण त्या रात्री मला झोप आली नाही. डोळ्यांपुढं एक दप्तर येत होतं, आणि त्याच्यामागं चुना लागलेली एक पाठ.

ती उशिरा का होईना, शाळेत आली होती. शाळा तिला हवी होती. देवा, तिला तुझ्याजवळ घे, आणि तिच्या आईच्या शेजारी बस. मी आणखी काय मागू ते मला सुचत नाही.

कायदा होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला, दोन्हींना मनाई करतं. आम्हाला प्रशिक्षणात ते वाचून दाखवलेलं आहे. पण साठ पोरांचा गलका, वर जनगणना नाहीतर निवडणुकीचं काम, माहिती भरायची म्हणून सारखा वाजणारा फोन, आणि अशात दारात उशिरा आलेलं मूल उभं राहतं. जीभ आधी सुटते, हात आधी उठतो, कलम मागाहून आठवतं. त्या मधल्या एका क्षणात तू ये. माझ्या तोंडात दुसरं काही येण्याआधी एवढाच प्रश्न घाल: काही खाल्लंस का?

हे काही नवं शहाणपण नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात ते कधीचं आहे, आणि तू त्याला साक्षी आहेस. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. पोरं शाळेत येत नाहीत म्हणून त्या पोरांच्या अंगणात गेल्या. अक्षरांच्या आधी आंघोळ आली, केस विंचरणं आलं, नखं कापणं आलं. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या पोरांना शाळेत येणं जमेना, तर शाळाच कुरणावर नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर लोक बोलतात, तो त्यांच्या त्या अंगणातून आलेला आहे. अनुताईंनी एखाद्या पोराला उशीर का झाला म्हणून उभं केलं असेल का, असं मी कधी कधी मनाशी विचारते. त्या बहुधा त्याच्या पाड्यावरच चालत गेल्या असत्या.

आणि त्याच जिल्ह्यात वावर-वांगणीही आहे. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या त्या पाड्यांवर मुलं भुकेनं, आजारानं गेली, मंत्र्यांच्या गाड्या आल्या, सारा महाराष्ट्र हळहळला. ती मुलं शाळेच्या वयालाही पोचली नव्हती. त्यांचं नाव कोणत्याच हजेरीपटावर लागलं नाही. देवा, माझ्या पटावर जी नावं लागली आहेत ती त्या मुलांच्या वाट्याचीही आहेत, असं समजून मला ती वाचता येऊ दे.

शाळेतल्या मुलांची तब्येत तपासण्याचं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं काम देशात सुरू झालं तेही पालघरमधूनच, ६ फेब्रुवारी २०१३ ला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. तेव्हापासून वर्षातून एकदा पथकाची गाडी शाळेच्या फाटकाशी येते. डॉक्टर असतात, परिचारिका असते, औषधं देणारा असतो. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मतः असलेले दोष, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता, वाढीतला उशीर, सगळं बघतात. मुलं बनियनवर रांगेत उभी राहतात, वजनकाट्यावर चढताना श्वास रोखून धरतात, जणू श्वास सोडला तर वजन कमी भरेल. त्या पथकानं माझ्या वर्गातला एक मुलगा ओळखला. हाक मारली तरी तो वळून बघायचा नाही. मी त्याला मग्रूर समजत होते. त्याचा डावा कान फुटलेला होता, किती दिवस वाहत होता कोण जाणे, आणि उजव्यानंही कमी ऐकू यायचं. उपचार झाल्यावर पहिल्यांदा त्यानं आपणहून हात वर केला, तेव्हा विचारलं काय, तर "बाई, पाणी प्यायला जाऊ?" मी जा म्हटलं आणि फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. डोळे भरून आले होते.

त्या गाडीतल्या माणसांना दमू देऊ नकोस. एका दिवसात त्यांच्यापुढं किती मुलं जातात ते मी बघते. दुपारनंतर त्यांचीही नजर थकते. नव्वदाव्या पोराच्या छातीवर नळी लावतानाही पहिल्याइतकंच लक्ष त्यांच्या कानात राहू दे. चिठ्ठी लिहून दिल्यावर घरच्यांना एक दिवसाची मजुरी बुडवून मुलाला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं, तो दिवस त्यांना परवडू दे. आणि रकाना भरला म्हणजे मूल तपासलं, असं आम्हा कोणालाच वाटू देऊ नकोस.

पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत जातं. पण नालासोपाऱ्यात चाळीच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत भरणाऱ्या शाळा तुला माहीत आहेत. दर उन्हाळ्यात अनधिकृत शाळांची यादी निघते आणि आपल्या भागातली नावं तिच्यात असतात. आईबाप पोटाला चिमटा घेऊन तिथं फी भरतात, इंग्रजी येईल म्हणून. त्या पोरांच्या पापण्या कोण ओढून बघणार? त्यांच्या बाईंना कोणी हे शिकवलेलं नाही, मलाही वीस वर्षं कोणी शिकवलं नव्हतं. त्या बाईंना हे शिकवणारं कोणीतरी भेटव.

स्वयंपाकीण मावशी आल्या. खोलीतून तांदूळ धुतल्याचा आवाज येतोय. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. सहावीपासून पुढं दीडशे ग्रॅम, सातशे, वीस. हे आकडे भिंतीवर रंगवलेले आहेत. मावशींना ते वाचता येत नाहीत. त्यांना पातेलं कळतं. वाढण्याआधी खिचडी आम्ही मोठ्यांनी खाऊन बघायची आणि चव नोंदवहीत सही करायची, असा नियम आहे. काही दिवस घाईत मी न चाखताच सही केली आहे. तेही आज सांगून टाकते. पुन्हा होऊ देणार नाही. मावशींचं मानधन महिनोन्‌महिने अडतं तरी सोमवारी त्या सुट्टी घेत नाहीत, कारण रविवारी काही घरांत नीट चूल पेटत नाही आणि सोमवारी पोरं दोनदा वाढून घेतात, हे त्यांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एक अंडं मिळायला लागलं होतं, न खाणाऱ्याला केळं. अंड्याच्या दिवशी माझा पट भरलेला असायचा. मुलं अंडं पटकन खात नाहीत, देवा. आधी पांढरं कुरतडतात, पिवळा गोल शेवटपर्यंत राखून ठेवतात. २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचे पैसे देणं थांबवलं. पैसे वाचवण्याच्या पुष्कळ जागा असतील, ही जागा नव्हती. ज्यांच्या हातात तिजोरीची किल्ली आहे त्यांना एकदा आमच्या ओट्यावर जेवायला बसव, पोरांच्या पंगतीत. आणि आपल्या इथले लोक, ज्यांच्या वाडीत अजून केळीचे घड उतरतात, त्यांच्या मनात येऊ दे. राजेळीचे दोन घड कोणी फाटकाशी आणून ठेवले तर शंभर पोरांच्या हातात काहीतरी पडतं.

मुलींसाठी वेगळं मागायचं आहे. सकाळपासून शाळा सुटेपर्यंत त्या पाण्याचा घोट घेत नाहीत. तहान लागत नाही म्हणून नव्हे. संडासाची कडी तुटलेली आहे, नळाला पाणी नाही म्हणून. महिन्याच्या त्या दिवसांत घरीच राहतात. आधी तीन दिवस, मग आठवडा, मग पटावरून नाव कमी होतं. सूर्या धरणाचं पाणी या शहरात आलं, उंच इमारतींच्या टाक्या भरल्या. त्यातला एक पाईप आमच्या मुलींच्या संडासापर्यंत येऊ दे. आणि एक कडी. कडी मी स्वतःच आणते, उद्याच. ती तुझ्याकडं मागायची लाज वाटली पाहिजे मला.

एका मुलाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात किल्ली असते. पाचवीतला आहे. आई-वडील दोघं पहाटेच्या विरार लोकलनं जातात, रात्री दहाला येतात. गणित सोडवताना, धडा वाचताना, कबड्डी खेळताना त्याचा हात दर थोड्या वेळानं छातीवर जातो आणि किल्ली चाचपून बघतो. शर्टाला तिथं गंजाचा पिवळा डाग पडलाय, तो धुऊन जात नाही. वजन बरोबर आहे, डोळे बरोबर, कान बरोबर, पापणी लाल आहे. तपासणीच्या कागदावर त्याच्यापुढं सगळीकडं बरोबरची खूण आहे. पण शाळा सुटायची घंटा झाली की सगळी पोरं धावतात आणि तो दप्तर हळूहळू भरतो. मी मुद्दाम वह्या तपासत बसते. तो फडकं घेऊन फळा पुसतो, मग पुन्हा पुसतो. आम्ही फारसं बोलत नाही. देवा, त्याच्यासाठी काय मागावं ते मला ठरवता येत नाही. त्याच्या आईची नोकरी सुटावी असं कसं मागू? लोकल वेळेवर धावू दे. पावसात रुळांवर पाणी चढतं त्या रात्री शेजारच्या बाईंना त्याची आठवण येऊ दे. आणि संध्याकाळी तो कुलूप काढतो तेव्हा तू आधीच आत अस.

माझी नजर आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. लांबचा चष्मा लागला, संध्याकाळी गुडघे बोलतात. निवृत्तीला तीन वर्षं आहेत. तेवढी तीन वर्षं माझे डोळे शाबूत ठेव. कोणत्याही मुलाला मी त्याच्या मागच्या वर्षीच्या चुकीवरून ओळखू नये. आणि ज्या दिवशी मी स्वतः उपाशी, वैतागलेली, घरी भांडून आलेली असेन, त्या दिवशी कोणा मुलालाच माझ्याकडं बघून कळू दे. मागं एकदा असं झालं होतं. एका पोरीनं आपल्या डब्यातलं सुकेळं गुपचूप माझ्या टेबलावर ठेवलं होतं, वहीच्या कागदात गुंडाळून.

फाटक वाजलं. पहिले तिघं आत आले, चपला भिरकावून मैदानात पळाले. दप्तरं तशीच ओट्यावर. मागून आणखी येतायत. एक मुलगी फाटकापाशीच थांबली आहे, एका हातानं गजाला धरून. नवीन आहे, गेल्याच आठवड्यात नाव घातलं. आत येत नाही.

थांब, देवा, मी तिच्याकडं जाऊन येते.